खिडकीखालचा प्लग

"आता पुन्हा बंद पडलास ना, तर उचलून बर्फात फेकीन!"

लेसिया हे इतक्या जोरात म्हणाली की थोड्याच वेळात दारावर टकटक झाली. दारात त्याच घराच्या दुसऱ्या अर्ध्या भागात राहणारा शेजारी तरुण उभा होता. कानांपर्यंत ओढलेली लोकरी टोपी, भुवयांवर बर्फाची भुकटी आणि हातात देठ मोडलेलं एक पिवळं ट्यूलिप.

"कुणाला फेकताय?" त्याने विचारलं. "नवऱ्याला फेकत असाल तर मी मधे पडत नाही."

"नवरा नाही. कॉम्प्युटर आहे."

"मग पडतो." त्याने फूल पुढे केलं. "मी रेमी. फुलांच्या दुकानाची गाडी चालवतो. मोडलेली फुलं दुकान परत घेत नाही."

कॅनडातल्या विनिपेगमध्ये, जानेवारीच्या बर्फात, पिवळं फूल नाकारेल इतकी लेसिया कठोर नव्हती. फूल तिने घेतलं. "मदत मात्र नको," ती म्हणाली. "मशीन माझं आहे, दुखणं मीच शोधणार."

हा हट्ट उगाच नव्हता. डॉफिन गावात तिच्या थोरल्या भावाची, बोहदानची बेकरी होती. लेसियाने तिथे गल्ल्यावर बसावं आणि पुढे एखाद्या बऱ्या मुलाशी लग्न करावं, असं त्याने परस्पर ठरवून टाकलं होतं. ती निघून आली, जुना कॉम्प्युटर घेतला आणि डॉक्टरांचं रेकॉर्ड केलेलं बोलणं ऐकून घरबसल्या टाईप करायला लागली. आता तोच कॉम्प्युटर दिवसातून दोन-तीनदा काळाठिक्कर पडायचा, आपला आपण पुन्हा सुरू व्हायचा आणि केलेलं काम गिळून बसायचा.

दवाखान्याने बजावलं होतं, येत्या महिन्याअखेरच्या शुक्रवारी काम वेळेवर आलं नाही तर ते दुसऱ्याला देऊ. हे बोहदानला कळलं, आणि त्याला तेवढंच हवं होतं.

"भंगार घेतलंस, ते भंगारासारखंच वागणार," तो फोनवर म्हणाला. "तो शुक्रवार गेला की रविवारी ट्रक घेऊन येतो. सामान बांधून ठेव."

"दोरी तुझी तूच आण, दादा. माझ्याकडे नाही," असं म्हणून तिने फोन ठेवला, आणि पेचकस हातात घेतला.

रेमीला शेवटी घरात घ्यावंच लागलं, कारण दोन हातांत पेचकस, सुटे स्क्रू आणि टॉर्च तिन्ही मावत नव्हते.

"तू फक्त टॉर्च धर," तिने दटावलं. "बोट लावायचं नाही."

"सल्ला?"

"तोही लावायचा नाही."

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे चोर कोण ते कळतं, असा तिचा खाक्या. आधी पंख्यावरची धूळ काढली. मग तारा काढून घट्ट बसवल्या. मग आतले सगळे प्रोग्राम पुसून नव्याने भरले. रेमी संध्याकाळी यायचा, मुकाट टॉर्च धरायचा. फक्त उजेड हळूहळू मशीनवरून तिच्या हातांवर यायचा, आणि हातांवरून…

"टॉर्च आत."

"आतलं मला काही कळत नाही," तो म्हणायचा. "इथलं थोडंफार कळतं."

"तेही कळत नाही तुला," ती म्हणायची, आणि मान खाली घालून, आधीच घट्ट असलेला स्क्रू पुन्हा पिळायची.

मग तिने मेमरीची पट्टी बदलली, आणि नवल झालं. नेमकी त्याच सुमारास थंडी ओसरली, छपरं ठिबकायला लागली आणि मशीन ओळीने कित्येक दिवस न कुरकुरता चाललं. आनंदाने तिने पेरोगी केल्या, बटाट्याचं सारण भरलेल्या, करंजीसारख्या.

"म्हणजे टॉर्चची नोकरी गेली?" रेमीने विचारलं.

"गेली की."

दोघंही हसले. पण निम्म्या पेरोगी ताटलीत तशाच राहिल्या, दोघांच्याही.

महिन्याअखेरीला थंडी परतली, चावरी, नाकातला श्वास गोठवणारी. आणि गुरुवारी सकाळी ती खुर्चीवरून उठून परत येते तो स्क्रीन पुन्हा काळा. लेसियाला रडू फुटलं ते दुःखाचं नव्हतं, रागाचं होतं. डोळे पुसून ती पुन्हा टाईप करायला बसली.

दुपारी बाहेर फुलांची गाडी थांबली. सकाळी चहाला येऊन गेलेला रेमी आता जेवायला आला होता. रोजच्यासारखी ती उठली, काचेवरचा बर्फ नखाने खरवडला आणि बाहेर पाहिलं. इंजिन गोठू नये म्हणून तो गाडीची वायर तिच्या खिडकीखालच्या प्लगमध्ये खोचत होता. वायर आत गेली… आणि तिच्या पाठीमागची घरघर थांबली.

ती गर्रकन वळली. स्क्रीन काळा.

इतके दिवस हे असंच घडत होतं, पण तिला दिसणार कसं? त्या क्षणी तिची नजर कधी स्क्रीनवर नसायचीच. आणि ऊन पडलं होतं तेव्हा गाडीला प्लगची गरजच नव्हती.

कोट पाठीवर टाकून ती बाहेर धावली. "प्लग काढ. मी हाक मारली की परत लाव."

"झालं काय?"

"सल्ला नको म्हटलं होतं ना? काढ."

मशीन सुरू करून तिने हाक मारली. त्याने प्लग लावला. मशीन मेलं.

रेमी आत आला तेव्हा त्याचा चेहरा पडला होता. "म्हणजे चोर मीच."

"तूच. तार माझ्या खोलीतून जाते, जुनी, बारीक. तुझी गाडी वीज ओढते आणि माझं मशीन मान टाकतं."

"घरमालक म्हणाला होता, बाहेरचे दोन्ही प्लग माझेच… पण तुला कळलं कसं?"

खोटं बोलता आलं असतं. ऐकू आलं म्हणायचं, संपलं. पण लेसियाने हनुवटी वर केली. आजवर भावाला घाबरली नाही, मग याला काय घाबरायचं.

"गाडीचा आवाज आला की मी काम सोडून खिडकीशी जाते," ती म्हणाली. "रोज. तुला बघायला. हसायचं असेल तर हस."

तो हसला नाही. त्याने टोपी काढली. कान लालबुंद झाले होते.

"दोन प्लग आहेत म्हटलं ना," तो म्हणाला, "दुसरा मागे आहे. माझ्या दारालाच लागून."

"मग थंडीत कुडकुडत इथे का लावतोस?"

"तिथून तुझी खिडकी दिसत नाही."

तिने त्याच्या हातातली टोपी घेऊन खुंटीला अडकवली. मग ती म्हणाली, "आजपासून गाडी मागे. आणि बघायचंच असेल तर… दार आहे की."

शुक्रवारी काम वेळेच्या आधी पोचलं.

रविवारी बोहदान ट्रक घेऊन आलाच. वायर हातात घेऊन तो खिडकीखाली वाकला, तोच लेसियाने दार उघडलं.

"तिथे नको, दादा. माझं काम चालू आहे. मागे लाव."

"मागे कुणाची तरी गाडी आहे."

"आहे. तो घेईल सरकवून."

"तो कोण?"

स्वयंपाकघरात रेमी पेरोगी परतत होता. लेसियाने आवाज तसूभरही खाली आणला नाही.

"माझा माणूस."

आत झारा खणकन खाली पडला. हे त्यालाही आत्ताच कळत होतं.

बोहदानने दाराकडे पाहिलं, मग आपल्या रिकाम्या ट्रककडे. "आणि सामान?"

"तुझी दोरी तेवढी परत ने," ती म्हणाली. "पण आधी जेवून घे."