खाडाखोड चालत नाही

सौंसरच्या बस स्टँडसमोर माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. हल्ली मोबाइलपेक्षा स्मार्टवॉचच जास्त येतात. कुणाचा पट्टा तुटलेला असतो, कुणाचं चार्जिंग टिकत नाही, आणि काहींना आपण झोपेत किती वेळा कूस बदलली याचीच काळजी. रक्तातला ऑक्सिजन सांगणाऱ्या घड्याळांवर माझा फारसा भरवसा नाही. एकदा मी असलं एक घड्याळ वांग्याला बांधून पाहिलं होतं. त्यानं वांग्याचा ऑक्सिजन 97 सांगितला. गिऱ्हाईक घाबरून आलं की मी त्याला ही वांग्याची गोष्ट सांगतो, ते हसतं आणि घरी जातं.

कुलदीपलाही तीच सांगणार होतो.

तो फेब्रुवारीत आला. जवळच्या रामाकोन्याचा, पंचेचाळिशीचा, अंगाला संत्र्याच्या सालीचा वास. संत्र्याच्या मृग बहाराचे ट्रक भरणं चालू होतं, त्यामुळे हा रात्रभर माल भरायचा आणि दुपारी झोपायचा. मेहुण्यानं दिलेलं घड्याळ त्यानं काउंटरवर ठेवलं.

"भाऊ, याले पाहा बरं काय झालं. जागेपणी बरोबर दाखवते. दुपारी झोपलो का आकडा पडून राहिला."

"किती वाजता पडते?"

"अडीचले. रोज अडीचलेच."

"आकडे आठवते का?"

"मी लिहून टाकलं ना," तो म्हणाला आणि खिशात चिठ्ठी शोधू लागला.

माझा हात घड्याळावरच थांबला. चार वर्षं मी दुकानात येणाऱ्या प्रत्येक माणसाचा आवाज लक्ष देऊन ऐकत होतो, तो या एका वाक्यासाठी.

ते कोरोनाचं दुसरं वर्ष. एका शाळेच्या वर्गात तात्पुरतं केंद्र उघडलं होतं. फरशीवर गाद्या, फळ्यावर अजून पाढे. माझी बायको वत्सला खिडकीखालच्या गादीवर होती. ऑक्सिजनचं मशीन सगळ्या केंद्रात एकच, आणि ते नव्वदच्या खाली गेलेल्यालाच मिळायचं. नोंदी घ्यायला रोजंदारीवर लावलेला माणूस होता. मास्क, वर प्लास्टिकचा पडदा, चेहरा दिसतच नव्हता. त्यानं वत्सलाच्या बोटाला चिमटा लावला आणि तिच्या पायाशी उभा राहून आकडा वाचला. इंग्रजी 86 उलट्या बाजूनं पाहिला की 98 दिसतो. खोटं वाटत असेल तर हे पान फिरवून पाहा.

"भाऊ, इकडून पाहा. 86 हाये," मी म्हणालो.

तो वाकला. त्यानं पाहिलं. पाहिलं हे मी त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"मी लिहून टाकलं ना," तो म्हणाला. "रजिस्टरात खाडाखोड चालत नाई."

मशीन दुसऱ्या वर्गात गेलं. 98 वाल्या बाईला घरी न्या म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

आता तोच माणूस समोर उभा होता आणि मी त्याला आठवत नव्हतो. ती गेल्याइतकाच मला याचा राग आला.

चिठ्ठीवर चार दिवसांचे आकडे होते. 95, 94, 93, 91. मी घड्याळ माझ्या मनगटावर बांधलं, पाच मिनिटं बसलो. 98. पुन्हा मोजलं, 97. घड्याळात काही बिघाड नव्हता.

"दवाखान्यात दाखवलं?"

"दाखवलं ना. डॉक्टरबी म्हणते, सगळं बरोबर हाये. पण झोपेत बोटाले चिमटा लावल्यावानी वाटते भाऊ. हे पाहा."

त्याच्या उजव्या तर्जनीच्या नखाच्या दोन्ही बाजूंना चपटे, लालसर वळ होते.

तो घड्याळ घेऊन गेल्यावर मी गल्ल्याखालचा खण उघडला. त्यात वहीचं एक पान आहे. आजारपणात आमची अश्विनी शेजाऱ्यांचं यंत्र आणून रोज आईचा ऑक्सिजन मोजायची आणि लिहायची. तेव्हा ती नववीत होती. शाळा बंद, म्हणून तिनं स्वतःच वेळ ठरवून घेतली होती, दुपारी अडीच. सातव्या दिवशी केंद्रातला आकडाही तिनंच लिहिला, मी सांगितलेला. आठ दिवसांचे आठ आकडे.

95, 94, 93, 91, 90, 88, 86, 79.

आमच्या घरी भूतप्रेत, अंगात येणं असलं कुणी मानत नाही. मीही मानत नाही. पहिले चार आकडे जुळणं हा योगायोग असू शकतो, असं मी मोठ्यानं म्हणालो. दुकानात दुसरं कुणी नव्हतं.

पाचव्या दिवशी मीच त्याला फोन केला. 90.

सहाव्या दिवशी तो फोनवर आधी ट्रकांचंच बोलत राहिला. मग म्हणाला, "88." मी पान समोर घेऊन बसलो होतो. आकडा ऐकून मला भीती वाटायला हवी होती. मला बरं वाटलं. वत्सला गेल्यापासून पहिल्यांदा मी त्या संध्याकाळी पोटभर जेवलो.

सातव्या दिवशी साडेतीनला तो स्वतः आला. झोपेतून उठून तसाच निघाला होता, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. बाहेर नागपूरची गाडी लागली होती आणि कंडक्टर ओरडत होता.

"मेहुणा म्हणते नागपूरले जाय, मोठ्या डॉक्टरले दाखव," तो म्हणाला. "चष्मा घरीच राहिला. आजचा अडीचचा आकडा तसाच हाये, पाहा बरं भाऊ. कमी असन तर याच गाडीनं जातो."

त्यानं काउंटरवरून हात माझ्याकडे केला. घड्याळाचं तोंड त्याच्याकडे होतं. मी समोरच्या बाजूला होतो.

मान थोडी वाकवली असती तर पुरे होतं.

"98," मी म्हणालो.

त्याचा चेहरा उजळला. "बरोबर पाहिलं ना?"

"मी लिहून टाकलं," मी म्हणालो आणि दुरुस्तीच्या वहीत त्याच्या नावापुढे पेननं 98 लिहिलं.

तो माझ्याकडे बघत राहिला. त्या वेळी त्याला मी आठवलो, असं मला अजून वाटतं. पण तो हसला, "चाला मंग," म्हणाला आणि उतरून गेला. नागपूरची गाडी त्याच्याशिवाय सुटली.

तेरवी झाल्यावर त्याची बायको उर्वशी घड्याळ घेऊन आली.

"झोपेतच गेले जी," ती म्हणाली. "हे घरात नको मले. हातातून काढलं तरी मोजूनच राहिलं होतं."

मी घड्याळ ठेवून घेतलं. ती गेल्यावर शेवटची नोंद पाहिली. दुपारी अडीच, 79.

आतलं सगळं पुसून मी घड्याळ बंद केलं आणि त्या पानावर ठेवून खणाला कुलूप लावलं. मला पश्चात्ताप झाला नाही. खोटं कशाला बोलू?

काल दुपारी जेवून खुर्चीतच माझा डोळा लागला. बोटाला काहीतरी घट्ट लागत होतं म्हणून जाग आली, तर अश्विनी काउंटरच्या पलीकडे बसली होती. कॉलेजातून परस्पर आली होती.

"बाबा, हे घड्याळ कवा घेतलं?"

ते माझ्या मनगटावर होतं. पट्टा नीट बसवलेला होता. खणाला कुलूप तसंच होतं. फक्त वहीचं ते पान काउंटरवर तिच्यासमोर पडलं होतं.

मी घड्याळाकडे पाहिलं. माझ्या बाजूनं.

86.

"अश्विनी, तुले किती दिसते?"

तिनं समोरूनच डोकावून पाहिलं.

"98. एकदम मस्त हाये बाबा."

"इकडून ये. इकडून पाह्य."

पण तिची सवय जुनी. तिनं पान ओढलं आणि आईच्या आठ आकड्यांखाली नववा आकडा लिहून टाकला. पेननं.