चव्वेचाळीस दारांचं गाव

"ए पोरा, भिंतीतून कुठं घुसायलास? दारानं ये!"

यासेर जागीच थबकला. भिंत? समोर तर साधं कुंपणही नव्हतं! औशाजवळच्या त्या माळावर नुसत्या दारांच्या चौकटी उभ्या होत्या. एक नाही, दोन नाही, चांगल्या चव्वेचाळीस!

ओरडणारे होते धोंडप्पा आजोबा. त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांचं गाव पडलं आणि माणसं नव्या वसाहतीत राहायला गेली. आजोबांनी मात्र ढिगाऱ्यातून एकेक चौकट उकरून काढली, बैलगाडीत घातली आणि आपल्या शेतात आणून रोवली. गल्ल्या होत्या तशाच आखल्या, ज्याचं दार त्याच्याच जागी. त्यात पंचवीस वर्षं गेली! लोक हसले, मुलगा रुसून नांदेडला निघून गेला, पण आजोबा हटले नाहीत.

"चुकलं, आजोबा!" म्हणत यासेर मुकाट्याने दारातून आत आला. त्याची मोठी बहीण जेबा खुदकन हसली. दिवाळीच्या सुटीत दोघं लातूरहून खास हे गाव बघायला जेबाच्या मैत्रिणीकडे, लुंबिनीकडे आले होते.

"चला, आमचं घर दाखवते!" लुंबिनी पुढे धावली. "आमच्या चौकटीला सहा खाचा हायेत. दर वाढदिवसाला आजी सुगतकाकाला तिथं उभं करून विळ्यानं खूण करायची. भूकंपात गेला तो. त्याचा एक फोटोसुद्धा न्हाई आजीकडं. दर रविवारी येऊन ती त्या खाचांवरून हात फिरवते."

कोपऱ्यावर वळली आणि ती किंचाळलीच. चौकट नव्हती! होते दोन ताजे खड्डे.

धोंडप्पा आजोबा धापा टाकत आले आणि मटकन खाली बसले. "पोरी, तुझ्या आजीला, सुमनबाईला काय सांगू मी? काल दुपारी जरा डोळा लागला, तेवढ्यातच नेली असणार..."

"आजोबा, रडू नका ना!" जेबा म्हणाली. तिची नजर जमिनीवर होती. "हे बघा, टेम्पोच्या चाकांचे माग!"

माग शेजारच्या बांधकामाकडे जात होते. तिथे लातूरच्या कुणा क्लासवाल्याचं वसतिगृह उभं राहत होतं.

"जाऊन विचारू या!" यासेरच्या बाह्या वर गेल्या.

"विचारलं की लगेच सांगतील होय? शहाणाच आहेस! लुंबिनी, तू पोलीस पाटलांना घेऊन ये आणि विटांच्या ढिगामागे थांब."

थोड्या वेळाने जेबा भोळा चेहरा करून बांधकामावरच्या गुंडप्पा मुकादमासमोर उभी राहिली. "काका, आमचे अब्बू फर्निचर बनवतात. जुनं सागवान मिळेल का?"

"मिळंल की!" गुंडप्पा खुलला. "उद्या आणखी धा चौकटी काढणार हाय. म्हातारा दुपारचा झोपतो. नुसत्या उभ्या चौकटी, कुणाच्या कामाच्या? कालच एक दिली लातूरला, हनीफ मिस्त्रीला."

जेबाचं तोंड पांढरंफटक पडलं. हनीफ मिस्त्री म्हणजे तिचेच अब्बू!

"धा म्हणलास न्हवं, मुकादम?" विटांमागून पोलीस पाटील अण्णाराव बाहेर आले. गुंडप्पाची बोबडीच वळली! पण जेबाला आता मजा वाटत नव्हती. ती यासेरचा हात धरून एसटीच्या थांब्याकडे पळत सुटली. मागोमाग लुंबिनीही.

लातूरला दुकानात चौकट भिंतीला टेकवलेली दिसली. अख्खी होती!

"मिळाली!" यासेरने उडी मारली. लुंबिनी तीरासारखी पुढे झाली. तिने उजवा खांब चाचपला, मग डावा. दोन्ही गुळगुळीत लागले. पायाखाली भुशाचा ढीग होता.

"अब्बू, यावरच्या खाचा?" जेबाने कसंबसं विचारलं.

"होत्या ना. क्लासच्या पोरांची टेबलं करायची होती, म्हणून सकाळीच रंधा मारला. का गं?"

लुंबिनीने सगळं सांगितलं. हनीफच्या हातातला रंधा तसाच राहिला. "या अल्ला! लाकूड कुठून आलं, एवढं तरी विचारायला पाहिजे होतं मी!"

दुसऱ्या दिवशी हनीफने स्वतःच्या हाताने ती चौकट जागेवर रोवली. सारं गाव जमलं होतं. "या पोरांमुळं बाकीची दारं वाचली! शाब्बास!" अण्णाराव म्हणाले. धोंडप्पा आजोबांनी तिघांच्या पाठीवरून हात फिरवला. टाळ्या कडाडल्या, पण तिघांच्याही माना खालीच होत्या.

हनीफ हात जोडून सुमनबाईंपुढे उभा राहिला. "आक्का, खाचा कुठं कुठं होत्या, दाखवा. जशाच्या तशा करून देतो."

सुमनबाईंनी खांबावर हात ठेवला. थोडा वर नेला. मग खाली आणला. परत वर नेला.

"न्हाई सापडत, मिस्त्री," त्या म्हणाल्या. "डोळे मिटले तरी हात बरोबर जायचा. पण खाच हुती म्हणून जायचा."

हनीफने खाचा पाडायला आणलेली पटाशी पिशवीत टाकली. जेबाला रडूच कोसळलं. खरं तर एक दिवस आधीच, खाचांवर रंधा फिरायच्या आत, इथं यायचं ठरलं होतं. यासेरची मॅच होती, म्हणून तीच म्हणाली होती, "उद्या जाऊ की, काय घाई आहे?"