शुगर उतरेपर्यंत

द्वारका चौकाजवळच्या हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये प्रफुल्लने शेजारच्या मुलीला विचारलं, इथे तक्रार कुठे करायची? कुणा तेजल मॅडमनी त्याच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकलायला लावलं होतं. ओझरच्या कारखान्यातून मुश्किलीने मिळवलेली रजा वाया गेली होती.

"माझ्याकडेच करा," ती हसली. "तेजल मीच."

तो ओशाळला... पण राग काही गेला नाही. तेजल फिजिओथेरपिस्ट होती. तिने मायलेकांना समोर बसवून समजावलं — मंगलाबाईंची शुगर चढलेली, त्यात दातांना रोजची तंबाखूची मिश्री. अशाने टाके भरत नाहीत, जखम चिघळते. म्हणून आधी तयारीच्या वर्गाला यायचं. पथ्य, व्यायाम आणि मिश्री बंद.

"सोडते की," मंगलाबाई म्हणाल्या. "पण आधी ह्यानं तंबाखूची पुडी सोडावी."

प्रफुल्लचा हात खिशाकडे गेला. तेजलने तळवा पुढे केला. त्याने त्यावर पुडी ठेवली — आणि पहिल्यांदाच नीट तिच्याकडे पाहिलं.

मग तो शिफ्ट संपवून आईला वर्गाला आणू लागला. व्यायामात आईच्याही मागे पडायचा. तेजल सगळ्यांसमोर त्याची पाठ सरळ करायची आणि त्याचे कान लाल व्हायचे. संध्याकाळी ती शुगर विचारायला फोन करायची. एकदा त्यानेच केला. तलफ आलीय, काहीही बोला, म्हणाला. ती बोलत राहिली... तलफ कधीच गेली, फोन मात्र चालूच राहिला.

शुगर उतरली, ऑपरेशन झालं. जखम छान भरली. वॉकर धरून मंगलाबाईंनी पहिलं पाऊल टाकलं, तेव्हा प्रफुल्लचे डोळे भरले आणि तेजलचेही.

मंगलाबाई घरी गेल्यावर वर्ग तेजलला सुना वाटू लागला. एका संध्याकाळी तिने न राहवून फोन लावला.

"माझं लय झ्याक चाललंय," मंगलाबाई म्हणाल्या. "तुला ह्याच्याशीच बोलायचंय ना? घे."

प्रफुल्लने फोन घेतला.

"मॅडम..."

"तेजल म्हणा."

"तेजल, मला तुम्ही आवडता. रोज सांगायचं ठरवायचो... आणि आईची शुगर सांगून फोन ठेवायचो."

ती खिडकीशी गेली. बाहेर भुरभुर पाऊस होता.

"मलाही रोज शुगरच विचारायची नसायची," ती म्हणाली. "उद्या माझी ड्युटी लवकर संपते. या... एकटेच या."