वैदिणीची चूल

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर पुढे सरका. मला कुणाला पटवायचं नाहीये. पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. ज्याच्यावर हे बेतलं तो माझा मावसभाऊ आहे. मी त्याला दादा म्हणतो.

रविवार होता. सकाळचे अकरा वाजायला दोन मिनिटं कमी. तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, खिडकीतून लख्ख ऊन.

भुतंबितं दिवसा येत नाहीत म्हणणाऱ्यांनी हे जरा नीट वाचा.

दादा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करतो. बारीक नजरेचा माणूस. पण घरी आला की त्याचा सगळा जीव एका खेळात. कॉम्प्युटरवरचा, इंटरनेटवरून चार माणसांनी मिळून खेळायचा. नाव 'निखारा'. अकरा वर्षं खेळला. वहिनी म्हणायच्या, "माझ्याशी लग्न आठ वर्षांचं, त्या खेळाशी अकरा. मोठी सवत आहे ती माझी."

त्याची चौघांची टोळी होती. दादाचं खेळातलं नाव ढाण्या. एक बसड्रायव्हर. एक पाट्या रंगवणारा पेंटर. आणि चौथी एक बाई, जखमा बऱ्या करणारी. तिचं नाव वैदीण. खरी बाई शाळेच्या प्रयोगशाळेत काम करायची, परीक्षानळ्या धुवायची. सगळे तिला ताई म्हणायचे.

दादाचे वडील गेले तेव्हा तो आठवडाभर कुणाशी बोलला नव्हता. या ताईशी बोलला. कानाला हेडफोन लावून, तासन् तास. तिनं त्याला सावरलं. हे लक्षात ठेवा.

आता खेळाचा एक नियम सांगतो, तेवढा समजून घ्या.

प्रत्येकाचं खेळात एक घर. घरात एक चूल. चुलीत लाकूड घातलं की ती चाळीस दिवस जळते. लाकूड मालकानंच घालायचं, दुसऱ्याच्या हातून चालत नाही. चाळीस दिवसांत घातलं नाही, की चूल विझते. घर पडतं. नाव आणि जागा मोकळी, येईल त्याची.

आणि फोनवर एक छोटी खिडकी मिळायची. तिच्यात आपलं घर दिसायचं. खेळता यायचं नाही, नुसतं बघता यायचं.

ही खिडकी दादा विसरला. सगळं बिनसलं ते तिथे.

ताई आजारी पडली. रक्ताचा काहीतरी आजार होता. दवाखान्यात खाटेवर कॉम्प्युटर कुठला? तिनं दादाला आपला पासवर्ड दिला.

"माझी चूल विझू देऊ नकोस रे. भाग दोन आल्याशिवाय मी कुठे जात नाही, सांगून ठेवते."

'निखारा'चा दुसरा भाग येणार, येणार, असं नऊ वर्षं चाललं होतं. चौघांचे डोळे तिकडे लागले होते. दादानं वचन दिलं आणि पाळलंही. तिच्या नावानं आत जायचा, लाकूड घालायचा. दोन वेळा घातलं.

मग एके दिवशी भाग दोनची तारीख जाहीर झाली. सोबत एक कलमही. जुन्या खेळात टेकडीवरची दोन घरं शेजारी शेजारी ज्याची, त्याला नव्या भागात गढी मिळणार. तटबंदीची.

टेकडीवर दादाचं घर होतं. शेजारचं घर ताईचं.

तुम्ही म्हणाल, खेळातल्या गढीसाठी कुणी असं करतं का? मीही तेच म्हणालो असतो. पण अकरा वर्षं त्या माणसानं दुसरं काही मागितलं नव्हतं हो.

एकोणचाळिसाव्या दिवशी तो तिच्या नावानं आत गेला. लाकूड उचललं. चुलीसमोर उभा राहिला.

सात मिनिटं तसाच उभा होता.

मग लाकूड खाली ठेवलं आणि बाहेर आला.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या पडद्यावर ओळ आली. 'वैदिणीची चूल विझली.' मिनिटाच्या आत दादानं जागा घेतली. ड्रायव्हर आणि पेंटरला म्हणाला, "विसरलो रे... दुकानात कामाचा ढीग होता." त्यांनी मान्य केलं. भाबडे ते.

चौथ्या दिवशी ताई गेली.

तर, रविवार. अकरा वाजले. भाग दोन उघडला.

गर्दी प्रचंड होती, त्यामुळे सगळ्यांना रांग. पडद्यावर आकडा यायचा, आपल्या पुढे किती जण आहेत त्याचा. ड्रायव्हर चार मिनिटांत आत. पेंटर सहा मिनिटांत आत. दादाचा आकडा भराभर उतरला. नऊशे... चाळीस... सात...

एक.

'तुमच्या पुढे १ जण आहे.'

दादानं हात चोळले. वाट बघितली. पाच मिनिटं... वीस मिनिटं... तास.

एक.

"अरे, कोण हा एकटा माणूस? झोपला की काय दारात!" दादा वैतागला.

तेवढ्यात हेडफोनमधून पेंटरचा आवाज आला.

"ढाण्या, गढी काय दिसते लेका! धूर पण निघतोय."

"कसला धूर? मी अजून बाहेरच आहे."

"चेष्टा करू नकोस. समोर उभा आहेस की. चुलीपाशी."

दादानं पडद्यावरचा आकडा परत बघितला. एकच.

"हातात लाकूड आहे तुझ्या," पेंटर म्हणाला. "घाल की. असा पुतळ्यासारखा काय उभा?"

 दादानं फोन काढला. खिडकी उघडली.

नवी गढी. मोठी चूल. चुलीसमोर ढाण्या. हातात लाकूड. हलत नव्हता.

कोपऱ्यात आकडा... ४०.

कंपनीला कळवून झालं. दोन दिवसांनी उत्तर आलं. तुम्ही आधीच आत आहात, म्हणून पुन्हा आत येता येणार नाही. दादानं पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच उत्तर. पासवर्ड बदलला, कॉम्प्युटर बदलला, माझ्या घरी येऊनही बघितलं. पुढे तो एक जण होताच.

रोज फोनवर ढाण्या तसाच उभा. रोज आकडा एकानं कमी.

पस्तीसच्या आसपास दादाला थंडी वाजायला लागली. बाहेर उन्हाच्या झळा आणि हा स्वेटर घालून दुकानात. चष्मा नाकावर बसवून बघताना त्याचं बोट एका गिऱ्हाईकाच्या कानाला लागलं. ती बाई किंचाळलीच. म्हणाली, बर्फ लावलात की काय?

डॉक्टरांनी ताप मोजला. थर्मामीटर झटकला. परत मोजला. "नवा घ्यायला हवा हा," म्हणाले आणि दुसरा आणला. त्यावरही आकडा तेवढाच खाली.

घरात वास यायला लागला... विझलेल्या चुलीवर पाणी ओतल्यावर येतो तसा, ओल्या राखेचा. वहिनींनी दोनदा सगळं घर धुऊन काढलं. मग एकदा दादाच्या कॉम्प्युटरच्या बटणांवरून फडका फिरवला आणि फडका मला दाखवला.

राख होती. चिमूटभर, करडी.

"भावोजी, या घरात विडीसुद्धा कुणी ओढत नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या भावानं काय करून ठेवलंय ते त्याला विचारा. मला सांगत नाही तो."

मी विचारलं नाही. मला माहीत होतं.

आकडा बारावर आला तेव्हा दादाचं उरलंसुरलं अवसान गळालं. मला म्हणाला, "तिच्या घरी चल माझ्यासोबत."

ताईची मोठी बहीण कपडे शिवते. दार उघडलं तेव्हा गळ्यात टेप होती. आम्ही कोण ते सांगितलं. तिनं दादाकडे खालून वरपर्यंत पाहिलं.

"ढाण्या म्हणजे तूच का?"

बसा म्हणाली नाही. शिवणाच्या मशीनशी जाऊन बसली आणि शिवायला लागली.

दादानं हात जोडले. "मोठ्या ताई, मी विसरलो... त्या दिवसांत फार काम..."

"विसरलास?" ती म्हणाली. "बघ बाबा, मला तुमच्या खेळातलं शष्प कळत नाही. पण त्या दुपारी मी तिच्या उशाशी होते. डाव्या हाताला सलाईन, वर पांढरी पट्टी. उजव्या हातात फोन. एकदम हसली. म्हणाली, आला बघ, मला माहीत होतं विसरायचा नाही. मलाही दाखवलं. चुलीसमोर कुणीतरी उभं होतं. किती वेळ बघत बसली ती... मग तिचं हसू गेलं."

मशीन थांबलं.

"त्यानंतर कुणाशी बोलली नाही. शेवटच्या दिवशी दोनच वाक्यं बोलली. पहिलं, त्याच्या हातात लाकूड होतं."

दादा भिंतीला टेकला.

"आणि दुसरं?" मी विचारलं.

"भाग दोन येऊ दे."

तिनं परत मशीन चालू केलं. आम्ही जिना उतरलो. दादा प्रत्येक पायरीवर कठडा धरत होता.

शेवटचा दिवस शुक्रवार. दुपारचे चार. मी त्याच्याकडेच होतो. दादा खुर्चीत, अंगावर दोन रजया, ओठ निळे पडलेले. हॉस्पिटलमध्ये चल म्हणून आम्ही घसा कोरडा केला, पण तो फोन सोडून उठायला तयार नव्हता. ड्रायव्हर आणि पेंटर खेळात गढीवर जमले होते. स्पीकरवर त्यांचे आवाज येत होते.

"आम्ही लाकूड घालून बघतोय रे. घेत नाहीये चूल."

"अरे ढाण्या, घाल ना! तुझ्या हातात आहे की!"

दादा फोनकडे बघून रडत होता. "घाल... घाल ना... ताई, चुकलो मी. मी मुद्दाम केलं. मुद्दाम केलं गं."

 ड्रायव्हरनं ऐकलं, पेंटरनं ऐकलं.

आणि चाळीस दिवसांत पहिल्यांदाच... ढाण्या हलला.

तो वळला. खिडकीतून सरळ आमच्याकडे बघितलं. मग लाकूड खाली ठेवलं. सावकाश. आणि दाराबाहेर गेला.

'ढाण्याची चूल विझली.'

दादा खुर्चीतून खाली कोसळला. मी तळपाय चोळत होतो, हाताला फरशी लागावी तसे लागत होते. वहिनी पाणी तापवायला धावल्या. आतून लायटरचा आवाज... खट्... खट्... खट्. गॅस पेटत नव्हता. सिलिंडर सकाळीच बदललेला.

"श्वास घेत नाहीये तो!" मी ओरडलो.

वहिनी लायटरसकट बाहेर धावल्या आणि तो हातातून फरशीवर पडला. स्वयंपाकघर रिकामं.

तेवढ्यात स्पीकरवर पेंटरचा आवाज. अगदी बारीक.

"जागा घेतली कुणीतरी... एका मिनिटात. नाव... नाव वैदीण लिहिलंय रे."

जमिनीवर पडलेला दादाचा फोन उजळला. खिडकी आपोआप उघडली. मी बघितलं, वहिनींनीही बघितलं.

गढी नव्हती. वहिनींचं स्वयंपाकघर होतं. तोच ओटा, तीच शेगडी. शेगडीपुढे एक बाई पाठमोरी उभी. ढगळ अंगरखा, विरळ केस. डाव्या हातावर पांढरी पट्टी.

उजव्या हातात लाकूड.

मी मान वळवून खऱ्या स्वयंपाकघरात बघितलं. कुणी नाही.

फोनमध्ये ती तशीच उभी. मी घड्याळाकडे बघितलेलं नाही. पण सात मिनिटं झाली असतील, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. वहिनींनी पदर पसरला. म्हणाल्या, "बाई गं, मी तुझं काय केलं? माझ्यासाठी घाल."

तेव्हा ती वाकली.

आत शेगडी भप्पकन पेटली. लायटर बाहेरच्या खोलीत, फरशीवर पडलेला होता.

दादानं खोल श्वास घेतला.

फोनच्या कोपऱ्यात आकडा आला. ४०.

या गोष्टीला सव्वा वर्ष झालं. दादा जिवंत आहे. नोकरी सुटली, खेळ सुटला, सगळं सुटलं, ती खिडकी तेवढी सुटत नाही. फोन फोडला, तर वहिनींच्या फोनवर आली. रोज आकडा उतरतो. रोज ती शेगडीपुढे उभी. एकोणचाळीस दिवस ती नुसती उभी असते. शेवटच्या दिवशी दादा गार पडतो, श्वास थांबतो... आणि अगदी अखेरीला ती लाकूड घालते. आजवर अकरा वेळा घातलंय.

त्याला मारायचं असतं तर तिनं पहिल्याच दिवशी मारलं असतं. तिला त्याला वाट बघायला लावायचंय. ती जशी खाटेवर बघत होती तशी.

दादा खुर्चीत बसून दर तासाला एकच विचारतो, "तिच्या हातात लाकूड आहे ना?" वहिनी म्हणतात, "आहे हो, आहे."

हे आज लिहायला बसलो त्याला कारण आहे. ती गढीची बातमी आली, त्या दिवशी दादानं आधी मला फोन केला होता. काय करू, विचारत होता. आणि मी हसत म्हणालो होतो, "घे की जागा. आजारी बाईला काय उपयोग तिचा?"

हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. वहिनींनाही नाही.

आज आकडा एक आहे. आत्ताच वहिनींचा फोन येऊन गेला. दादाला चढत्या उन्हात घाम फुटलाय म्हणे. सव्वा वर्षात पहिल्यांदा. हसतोय. पोळी मागून खाल्ली त्यानं.

"भावोजी," त्या म्हणाल्या, "खिडकीत आज वेगळंच स्वयंपाकघर दिसतंय. हिरव्या फरशा आहेत. कुणाचं आहे हो ते?"

मी फोन ठेवला.

हिरव्या फरशा माझ्याकडे आहेत. मघापासून तीन वेळा चहा ठेवायला गेलो. गॅस पेटत नाहीये.