तुरीला मुळं फुटेनात

"कुणीतरी माझ्या रोपांवर विषप्रयोग करतंय," असं म्हणत ती पोट सांभाळत वहिनींसमोरच्या खुर्चीत बसली. सातवा महिना होता.

ऊतिसंवर्धनाच्या प्रयोगशाळेत तिला सगळे तूरवाली म्हणत. बाटल्यांत वाढवलेल्या तुरीच्या कोंबांना मुळं आणणं हे तिचं काम. मागच्या खेपेला मुळं भरभरून आली होती. आता एकालाही येईना. आणखी एक खेप वाया गेली, की प्रयोग बंद होणार होता.

"संशय कुणावर?" वहिनींनी विचारलं.

"केळीवालीवर. शेजारच्याच टेबलावर केळीची रोपं वाढवते. जिवाची मैत्रीण होती, आता मी बोलत नाही तिच्याशी."

वहिनी खासगी गुप्तहेर. भाऊजी त्यांचे धाकटे दीर, पिशवी धरायला आणि चुकीचे तर्क करायला. दोन्ही कामं ते जीव ओतून करत.

प्रयोगशाळेत तूरवालीने खिडकीतली बाटली दाखवली. आत कोंबांना मुळं फुटण्यासाठी लागणारं संजीवक होतं. "पाण्यासारखं असायचं. बघा, गुलाबी झालंय!"

"ही कायम इथेच असते?"

"तळघरातल्या फ्रीजमध्ये असायची. डॉक्टरांनी मला जिने बंद केले, तेव्हापासून वर असते. साहेबांनीच सोय केली असणार, म्हणजे चालत असेल."

वहिनींनी विचारल्यावर प्रयोगशाळेचे साहेब वैतागले. "कुठली बाटली? मला माझा चष्मा सापडत नाही!"

"हेच ते! चष्मा नेणारा आणि विष घालणारा एकच!" भाऊजी कुजबुजले. वहिनी केळीवालीच्या टेबलाकडे वळल्या.

केळीवालीचे डोळे सुजले होते. "तिच्या कोंबांना मी बोटही लावलं नाही. माझं संजीवक वेगळं आहे. उघड्या फळीवर असतं, त्याला काही होत नाही."

वहिनींनी सगळ्यांना खिडकीपाशी बोलावलं.

"विष नाही आणि वैरही नाही. तुरीचं हे संजीवक उन्हाने मरतं. रंग त्यामुळेच बदलला. तूरवाली ते फ्रीजमध्येच ठेवत होती, साहेबांना तर बाटलीच ठाऊक नाही. मग उन्हात कोण ठेवेल? जिचं स्वतःचं संजीवक उघड्यावर टिकतं, ती. आणि नेमके जिने बंद झाले तेव्हाच का ठेवेल?"

भाऊजींनाही आता कळलं. त्यांनी नाक ओढलं.

तूरवाली वळली. "माझ्या कोंबांची पार वाट लावलीस."

"लावली गं."

"मला सांगितलं का नाहीस?"

"'मी काय आजारी आहे का' म्हणून अंगावर आली असतीस."

आली असती, हे तिलाही माहीत होतं. तिने मैत्रिणीचा हात घट्ट धरला आणि तिला रडू आवरलं नाही.

"कोंब अजून हिरवे आहेत," साहेब खाकरले. "ताजं संजीवक बनवा. तोवर काही बंद होत नाही."

केळीवाली जिन्याकडे निघाली. "मी खालून सगळं घेऊन येते."

"आण," तूरवाली डोळे पुसत म्हणाली. "पण यापुढे माझ्यासाठी काही करशील ना, ते मला सांगून कर. मी भांडले तरी सांग."