पलीकडून उघडलेली वाट

मोबाईल खाली ठेवा, पोरांनो. माझ्या हाताखाली शिकलेल्या एका इंजिनिअरच्या बाबतीत घडलेलं सांगतो.

त्याला काम मिळालं होतं ते असं: दोन घरांतले कॉम्प्युटर थेट एकमेकांशी बोलले पाहिजेत, मध्ये कुणी नको. पण घरचा राउटर बाहेरून आलेल्या अनोळखी हाकेला दारातूनच हाकलतो. दोघांनी आतून एकाच वेळी हाक घातली, तरच वाट उघडते. चाचणीचं दुसरं टोक म्हणून त्यानं वडिलांच्या घरी, त्यांच्या खोलीत माईक-स्पीकर असलेला छोटा कॉम्प्युटर, डबाच म्हणा, बसवला. म्हाताऱ्याला वाटलं, लेकानं आपल्याशी बोलायची सोय केली. रोज जेवण झालं की डब्यासमोर हजर.

"बोलू का रे?"

"बाबा, टेस्ट चालू आहे. नंतर."

ते नंतर कधी आलंच नाही. मार्चमध्ये बाबा गेले.

एकोणीस नोव्हेंबर, गुरुवार. रात्रीचा पाऊण. नवी सेटिंग करून, चाचणी लावून हा चहा टाकायला उठला. परत येतो तर पडद्यावर हिरवी ओळ. जोडणी झाली होती. पत्ता बघितला... बाबांच्या घराचा. चाचणीच्या यादीतून काढायचा राहून गेला होता.

त्याच घरात खालच्या मजल्यावर बहीण राहायची. तिला फोन लावला.

"ताई, बाबांच्या खोलीत कोण आहे?"

"कोण असणार? कुलूप आहे. वरची वीजसुद्धा तोडलीय."

"आणि तो डबा?"

"माझ्या कपाटात, वायर गुंडाळून. झालंय काय तुला?"

"टॉर्च घेऊन वर जाऊन बघ ना जरा..."

फोनमध्ये तिच्या चपला जिना चढू लागल्या. इकडे कॉम्प्युटरच्या स्पीकरमधून खोकला आला. ओळखीचा.

"आता तरी बोलशील ना रे?"

यानं घाईनं माऊस ओढला.

बटण दाबलं. जोडणी तुटली.

आठ महिन्यांनी बापानं हाक मारली, आणि लेकानं भिऊन जोडणीच तोडली. ते त्याला अजून खातंय.

फोनमध्ये कुलूप निघालं. दार करकरलं.





"ताई, काय दिसतंय?"

"कुणी नाही रे. धुळीत पाऊलसुद्धा नाही. पण खुर्चीची गादी..."

"काय झालं गादीला?"

"दबलेली होती... आत्ता, माझ्यासमोर... हळूहळू वर येतेय."