गोगलगायींचं कूळ

“हलू नका! पाय तसाच वर ठेवा!”

दारातून आत येणारा तरुण एका पायावर थबकला. त्यानं दार उघडलं, वारा आला आणि संशोधन करणाऱ्या संस्कृतीच्या कागदावरचा शंख उडाला — मोहरीहूनही बारीक, समुद्री गोगलगायीचा. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेची फरशी दोघांनी गुडघ्यांवर बसून धुंडाळली. शंख सापडला तो त्याच्याच बुटाच्या नाडीत. तिनं तो ओल्या ब्रशनं अलगद उचलून कागदावर ठेवला.

“आपल्या संभाजीनगरात समुद्र कधी आला?”

“वाळू कोकणातून आणलीय. त्यातल्या गोगलगायी कुळांप्रमाणे लावतेय.”

“मी गोकुळ. पलीकडं भौतिकशास्त्रात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर असतो. शंख मी उडवला, तर फोटोही मीच काढून देतो.”

तेव्हापासून संस्कृती रोज दुपारी एक डबी घेऊन त्याच्याकडं जायची. डबीत एकच शंख. फोटो निघेपर्यंत तो आपल्या गावच्या, सिल्लोडच्या मक्याच्या बाजारातल्या गमती सांगायचा, ती तिच्या पाचोडच्या मोसंबी बाजारातल्या. परतताना मात्र धाकधूक… आपल्याला वाटतं ते त्याला वाटत नसेल तर?

प्रबंध द्यायला आठवडा उरला होता. त्या दुपारी पडद्याकडं बघता बघता गोकुळ एकदम पुढं वाकला.

“काय झालं?”

“शंखाच्या टोकावर रेघा दिसतायत. तुम्ही तर गुळगुळीत म्हणाला होतात.”

गोगलगाय पिल्लू असतानाचं कवच टोकावर तसंच राहतं; कूळ ठरवायचं ते त्यावरूनच. म्हणजे तिनं एकाच कुळात टाकलेल्या या गोगलगायी दोन वेगळ्या कुळांतल्या! उरलेले सगळे शंख तपासायचे, प्रकरण पुन्हा लिहायचं… मार्गदर्शक सर काय म्हणतील?

“एक विचारू?” गोकुळ अडखळला. “पहिल्याच दिवशी सगळे शंख आणले असते, तर हे तेव्हाच कळलं असतं. रोज एकच का आणत होतात?”

काहीतरी थाप मारता आली असती. तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

“सगळे आणले असते तर… दुसऱ्या दिवशी यायला कारण उरलं नसतं.”

आता हा हसणार, तिला वाटलं. पण गोकुळचे कान लाल झाले होते.

“सगळे एकदम बसतात या यंत्रात. मला ठाऊक होतं… मी तरी कुठं बोललो? लई भ्यालो होतो.”

भरल्या डोळ्यांनी ती हसली. “माझा प्रबंध बुडवलास!”

“दोघांनी मिळून बुडवला. उद्या सगळ्या डब्या आण. मुदत मागायला सरांकडं मीही येतो.” तो थांबला. “आणि परवापासून… कारण नसलं तरी ये.”